उभ्या उभ्या हजेरी

परवा सकाळी सव्वानऊला आमच्या कर्जतच्या घरात सर्वांना गप्प बसण्याचा हुकूम झाला. सूनबाईची ‘स्टँड-अप’ होती. तिचं ऑफिस ऐरोलीला. आठवड्यातले दोन दिवस ती घरून काम करते. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, हे टीममधल्या प्रत्येकानं रोज सांगायचं. पंधरा मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. “बाबा, अडलंय म्हटलं की मदत येत नाही. नाव तेवढं लिहून घेतात,” ती म्हणाली.

या पद्धतीचं नाव ‘अ‍ॅजाइल’. मूळ कल्पना शहाणपणाची आहे. पूर्वी सर्रास रीत अशी होती, की आधी सगळ्या मागण्या कागदावर, मग आराखडा, मग प्रोग्रॅम, शेवटी चाचणी. वर्षा-दीड वर्षानं गिऱ्हाईक म्हणायचं, ‘मला हे नकोच होतं!’ असं एका दमात काम नेणं धोक्याचं आहे, हे विन्स्टन रॉइस यांनी १९७० सालीच लिहिलं होतं. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेत युटामधल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि त्यांनी छोटासा जाहीरनामा काढला. थोडं थोडं करा, चालतं सॉफ्टवेअर दर काही आठवड्यांनी दाखवा, चुकलं तर बदला.

आमच्या कर्जत-खालापूरच्या भातशेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. राबात पेरलं तरी आवणी कधी करायची, ते तो रोप आणि पाऊस बघून ठरवतो. (भाताला मात्र मध्येच नवी मागणी सुचत नाही, एवढं त्याचं सुख!)

सूनबाईच्या कंपनीत शेवटची तारीख गिऱ्हाइकाला आधीच कबूल केलेली, कामांची यादीही ठरलेली. मधल्या काळाचे दोन-दोन आठवड्यांचे तुकडे पाडले आणि त्यांना ‘स्प्रिंट’ म्हटलं, की झालं अ‍ॅजाइल! एवढ्या दिवसांत किती जमेल हे करणाऱ्यांनीच सांगायचं, हा या पद्धतीचा कणा. तोच काढून ठेवला आणि हजेरी तेवढी उचलली. माझ्या मते ही अर्धी पद्धत जुनीपेक्षा वाईट. जुनीत जाब कधीतरी द्यावा लागे, इथे रोज.

कर्जत स्टेशनात पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना घाट चढायला मागून बँकर इंजिनं लावतात. १८६३ पासून या घाटातून गाड्या जाताहेत. एवढा बोजा पुढच्या इंजिनाला एकट्यानं झेपणार नाही, हे तिथे आधीच मान्य असतं. त्यात ड्रायव्हरची नामुष्की कुणी मानत नाही. ‘अडलंय’ या शब्दाला ऑफिसातही हेच उत्तर हवं ना?

सूनबाईनं तो शब्दच टाकून दिलाय. स्टँड-अपमध्ये ‘सगळं ठीक’ म्हणते आणि रात्री अकरा वाजून गेले तरी तिच्या खोलीतला दिवा चालू असतो. नातवानं परवा मला विचारलं, “आजोबा, आई तर बसलेलीच असते. मग स्टँड-अप का म्हणतात?”