तीन दिवसांच्या बाळाची फुंकर

दमेकऱ्याची तपासणी चाललेली असते. ‘खोल श्वास घ्या... अजून घ्या... आता एका दमात जोरात फुंका!’ असे डॉक्टर सांगतात आणि नळीतून गेलेल्या हवेवरून फुप्फुसांचा सारा हिशेब कागदावर उमटतो. लंडनचे डॉ. जॉन हचिन्सन यांनी १८४६ साली दोन हजारांहून अधिक माणसांना असे फुंकायला लावून त्यांच्या श्वासाची मोजदाद प्रसिद्ध केली. त्या यंत्राचे रूप तेव्हापासून पुष्कळ बदलले, पण एक अट कायम राहिली. फुंकणाऱ्याला सांगितलेले कळले पाहिजे. साधारणपणे पाच-सहा वर्षांच्या आतले मूल या परीक्षेला बसू शकत नाही.

मग तीन दिवसांच्या तान्ह्याचे काय करायचे? त्याला दोनच गोष्टी उत्तम जमतात, झोपणे आणि रडणे. आणि फुप्फुसांची खरी कसोटी असते ती नेमकी याच वयात!

पहिला टाहो

आईच्या पोटात असताना बाळाच्या फुप्फुसांत हवा नसते, द्रव असतो. प्राणवायू मिळतो तो वारेतून, नाळेच्या वाटेने. जन्म होताच ही रसद तुटते आणि काही क्षणांतच बाळाला स्वतःच्या बळावर श्वास घ्यावा लागतो. पहिला टाहो ऐकून बाळंतिणीच्या खोलीबाहेर ताटकळणाऱ्यांचा जीव भांड्यात पडतो, तो उगाच नव्हे.

हा श्वास पुरेसा आहे की नाही, हे ठरवायची सोपी रीत अमेरिकेतील भूलतज्ज्ञ डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी शोधली आणि १९५३ साली ती छापून आली. बाळाचा रंग, हृदयाचे ठोके, स्नायूंतील जोर, चिमटा काढल्यावरचा प्रतिसाद आणि श्वास या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण. जन्मानंतर एका मिनिटाने आणि पाच मिनिटांनी हे गुण मोजायचे. आयुष्यातली ही पहिली परीक्षा आजही जगभर घेतली जाते. पुढे १९५६ साली डॉ. विल्यम सिल्व्हरमन आणि डॉ. डोरोथी अँडरसन यांनी केवळ श्वासासाठी वेगळी गुणपत्रिका तयार केली. छाती आत ओढली जाते का, नाकपुड्या फुलतात का, श्वास सोडताना कण्हल्यासारखा आवाज येतो का, हे त्यात पाहतात. गंमत म्हणजे इथे शून्य मिळवणारे मूल पहिले येते आणि दहा गुण मिळवणाऱ्याची प्रकृती सर्वांत चिंताजनक असते!

चार चमचे हवा

डोळ्यांनी पाहणे वेगळे आणि आकड्यांत मोजणे वेगळे. मोठा माणूस शांत बसला असताना एका श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा घेतो. तीन किलोचे बाळ घेते जेमतेम १५ ते २० मिलिलिटर, म्हणजे औषधाचे तीन-चार चमचे. त्याची श्वासनलिका चार-पाच मिलिमीटर रुंद असते. एवढ्याशा हवेचा हिशेब ठेवायचा, तर यंत्र किती नाजूक हवे!

बाळाला दूध पाजून निजवतात आणि गाढ झोप लागल्यावर नाकातोंडावर मऊ, पारदर्शक मुखवटा अलगद ठेवतात. फटीतून हवा निसटू नये म्हणून कडेने मळलेल्या कणकेसारखा मऊ लांबा लावतात. मुखवट्याला जोडलेले उपकरण हवेचा वेग क्षणोक्षणी टिपते. पण यातही मेख आहे. मुखवट्यातील रिकामी जागा थोडी जरी जास्त झाली, तर बाळ आपलीच सोडलेली हवा पुन्हा आत घेऊ लागते. शिवाय नुसत्या मुखवट्याच्या स्पर्शानेही त्याच्या श्वासाची लय बदलते. म्हणजे जे मोजायचे, तेच मोजण्याने बिघडते! म्हणून श्वास पुन्हा स्थिरावेपर्यंत थांबावे लागते. बाळ जागे झाले, की सारा खटाटोप पहिल्यापासून.

या नोंदीचा आलेख फार बोलका असतो. निरोगी बाळ श्वास सोडते तेव्हा हवेचा वेग हळूहळू वाढतो आणि मग ओसरतो. श्वासमार्ग अरुंद असले, तर वेगाचे हे शिखर लवकर येते आणि पुढचा उतार लांबत जातो.

श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत थोडी हवा उरतेच. ती मोजण्यासाठी झोपलेल्या बाळाला पारदर्शक, हवाबंद पेटीत ठेवतात आणि मुखवट्याची वाट क्षणभर बंद करतात. त्या क्षणी श्वास घेण्याच्या प्रयत्नाने छाती किंचित फुगते आणि पेटीतील दाब किंचित वाढतो. दाब आणि आकारमान यांचे नाते सांगणारा बॉइलचा नियम शाळेत सर्वांनीच घोकलेला असतो. पेटीतील बाळाच्या छातीतली हवा मोजली जाते ती त्याच नियमाने. थोड्या मोठ्या बाळांना झोपेचे औषध देऊन एक जाकीटही घालतात. ते एकाएकी फुगते, छाती हळूच दाबते आणि बाळाने न फुंकताच फुंकर बाहेर पडते.

खटाटोप कशासाठी?

एवढे करून हाती काय लागले? अमेरिकेतील टूसॉन शहरात १९८० साली नवजात बाळांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला. त्यातील १२४ बाळांची फुप्फुसे छातीचा कोणताही आजार होण्यापूर्वीच तपासून ठेवली होती. डॉ. फर्नांडो मार्टिनेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली निष्कर्ष मांडला, की पुढे सर्दी-खोकल्यात ज्यांची छाती घुरघुरू लागली, त्यांच्यापैकी अनेकांचे श्वासमार्ग आधीपासूनच कमी क्षमतेचे होते. आजाराने फुप्फुसे दुबळी झाली असे समजले जात होते. इथे दुबळेपणा आधीचा निघाला.

मग तो आला कुठून? काही अंशी तरी आईच्या पोटातच. गरोदरपणी धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांच्या बाळांची फुप्फुसे जन्मानंतर थोड्याच दिवसांत मोजली, तेव्हा ती कमी भरली. बाहेरचा धूर लागण्याआधीच नुकसान झालेले होते. अमेरिकेतील ओरेगन येथे सिगारेट न सोडू शकलेल्या गरोदर स्त्रियांना रोज ५०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व देऊन पाहिले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात त्यांच्या बाळांची मोजणी इतर धूम्रपान करणाऱ्या मातांच्या बाळांपेक्षा चांगली आली. याचा अर्थ गोळी घ्या आणि सिगारेट ओढा असा मुळीच नाही. सोडणे हाच खरा उपाय. मिश्री लावणाऱ्या बायांनीही हे लक्षात घ्यावे, कारण निकोटिन मिश्रीतही असते आणि ते वार ओलांडून बाळापर्यंत पोचते.

अर्थात या चाचण्या गल्लीतल्या दवाखान्यात होत नाहीत. त्या मुख्यतः संशोधनासाठी असतात आणि एखाद्या बाळाला पुढे दमा होईलच, असे त्यांवरून सांगता येत नाही.

मण्यांचे यंत्र

पण सर्वांत साधी मोजणी कुणालाही करता येते. दोन महिन्यांच्या आतील बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून अधिक वेळा चालत असेल, तर ती धोक्याची खूण समजतात. प्रश्न एवढाच, की मोजणाऱ्याला साठपर्यंत अंक येत नसतील तर? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्यापुढे हाच पेच होता. गावातल्या दाया अनुभवी, पण अक्षरशत्रू. त्यांच्यासाठी बंग दांपत्याने मणी सरकवायची पाटी आणि एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ यांचे एक साधन तयार केले. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटच्या लाल मण्याची पाळी आली, तर बाळाला न्यूमोनिया आहे असे समजून उपचार करायचे. १९९२ साली त्याची माहिती वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. परदेशी प्रयोगशाळेतील पेटी आणि गडचिरोलीची मण्यांची पाटी, दोन्ही एकाच प्रश्नाचे उत्तर शोधतात.

घरच्या घरी

बाळ शांत किंवा झोपलेले असताना त्याचे झबले वर करावे आणि पोट किती वेळा वर येते ते घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. पाव मिनिट मोजून चारने गुणू नये, कारण तान्ह्याचा श्वास एकसारखा नसतो. तो मध्येच भराभर चालतो, मध्येच पाच-दहा सेकंद थबकतो. एवढ्याने घाबरू नये. आकडा साठ किंवा जास्त आला, तर पुन्हा एकदा मोजावे. दुसऱ्यांदाही तसाच आला, तर रात्र असो की पाऊस, बाळाला दवाखान्यात न्यावे. छाती आत ओढली जाणे, कण्हणे, ओठ किंवा जीभ निळी पडणे, श्वास वीस सेकंद थांबणे, दूध ओढेनासे होणे, यांपैकी काही दिसले तर मोजत बसण्यातही वेळ घालवू नये.

आणखी एक गोष्ट. न्हाऊमाखू घातल्यावर बाळाला धुरी द्यायची आपल्याकडे रीत आहे. त्यामागे आजीची मायाच असते. पण चार मिलिमीटरच्या नळीतून तीन-चार चमचे हवा घेणाऱ्या त्या जिवाला धूर सोसत नाही. मऊ कापडाने अंग कोरडे करून आजीने त्याला कुशीत घेतले, तरी तेवढी ऊब त्याला पुरते. आणि कुशीत असतानाच त्याचे श्वासही मोजून होतात.