रोबो आले, पायपीट वाचली… पण पुढे?
गोदामात ऑर्डर भरताना कामगाराचा बराच वेळ नुसता चालण्यात जातो. म्हणूनच अ‍ॅमेझॉनने २०१२ मध्ये ७७.५ कोटी डॉलर मोजून किवा ही रोबो कंपनी घेतली. आता तिच्या अनेक गोदामांत माणूस रॅककडे जात नाही, रोबोच रॅक उचलून त्याच्यापुढे आणतो. आयडिया भारीच! पण वाचलेल्या वेळात आराम मिळतो असं समजू नका. स्कॅनर प्रत्येक वस्तूची वेळ नोंदवतो, तासाचं टार्गेट त्यावरच मोजलं जातं. कॅलिफोर्नियात २०२२ पासून कायदा आहे: टार्गेट कामगाराला लेखी द्यायचं, आणि त्यापायी जेवणाची सुट्टी किंवा टॉयलेटला जाणं बुडता कामा नये. आपल्याकडे भिवंडीत गोदामांची रांगच लागलीय. तिथेही मला हाच नियम हवाय, मग माझं पार्सल एक दिवस उशिरा आलं तरी चालेल.