गळ टाकणारा मासा घरी?

मुलांनो, सातवीतल्या एका वाचकमित्राचं पत्र आलंय. ‘बाई, मला खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये अँग्लरफिश पाळायचाय. आई नको म्हणते. तुम्ही तिला समजावा ना!’ घ्या! आईशी भांडायला बाई!

आधी एक घोळ मिटवू. ‘फाइंडिंग निमो’ (२००३) या सिनेमात दिवा लटकवलेला अक्राळविक्राळ मासा आहे ना, तो खोल, अंधाऱ्या समुद्रातला. तो घरी जगायचा नाही. पाळतात तो त्याचा चुलतभाऊ, फ्रॉगफिश. हा उष्ण समुद्रात, प्रवाळांच्या आसपास राहतो.

मोठा लबाड गडी! पाठीवरच्या पराचा पहिला काटा म्हणजे याची गळाची काठी. टोकाला मांसल आमिष. अंगाचा रंग असा, की वाटावं स्पंजच पडलाय. पोहायचा कंटाळा, परांवर चालतो. आमिष हलवत बसून राहतो. एखादा मासा अळी समजून जवळ आला, की गट्टम! सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात! स्वतःएवढा लांब मासासुद्धा गिळतो. म्हणून टँकमध्ये त्याला शेजारी नको. निमो तर नकोच नको.

आता कष्टाचं बोलू. १०० लिटर पाण्याला सुमारे साडेतीन किलो मीठ लागतं, तेही मत्स्यालयासाठी मिळणारं, आईच्या डब्यातलं नव्हे. पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागेच राहतं. म्हणून कमी झालेलं पाणी भरताना गोडंच घालायचं, नाहीतर खारटपणा वाढतच जातो. शिवाय माशाची घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला महिना-दीड महिना जातो. तोवर मासा आणायचाच नाही.

खायला गोल्डफिश टाकू नका. त्यातल्या एका द्रव्यामुळे ब-१ जीवनसत्त्व नष्ट होतं. समुद्री कोळंबीचा तुकडा चिमट्यात धरून त्याच्यापुढे हलवायचा. आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. रोज भरवलंत तर लाडानंच मराल त्याला! आणि जाळीनं पाण्याबाहेर कधीच काढू नका. हवा गिळली तर ती बाहेर टाकणं त्याला जड जातं. भांडं बुडवून पाण्यासकटच उचलायचा.

तेव्हा मित्रा, आई सध्या बरोबर आहे. दिवाळीत गावाला गेलात तर पाणी कोण बघणार, हे आधी ठरव. मग बिनमाशाचा टँक लाव, रोज खारटपणा आणि तापमान मोजून वहीत लिही. दोन महिने झाले, की ती वही आईला दाखव आणि पुन्हा विचार.