विश्लेषण : बिननावाच्या भूमिकेपासून सव्वादोनशे भागांपर्यंत... कोलम मीनींसारखे अभिनेते यापुढे घडतील का?

सप्टेंबर १९८७. अमेरिकी टीव्हीवर ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’चा पहिला भाग प्रसारित झाला. त्यात यान चालवणाऱ्यांच्या जागेवर कुरळ्या केसांचा एक तरुण काही क्षण दिसतो. त्या पात्राला नाव नव्हते आणि मालिकेच्या सुरुवातीच्या श्रेयनामावलीत त्या अभिनेत्यालाही स्थान नव्हते. तो अभिनेता म्हणजे डब्लिनचे कोलम मीनी. पुढच्या १२ वर्षांत याच पात्राला आडनाव मिळाले, मग नाव, बायको, मुले आणि दुसऱ्या मालिकेत मुख्य भूमिका. ‘स्टार ट्रेक’च्या इतिहासात मायकेल डॉर्न यांच्यानंतर सर्वाधिक भागांत दिसलेले अभिनेते म्हणून आज मीनी यांचे नाव घेतले जाते. अमेरिकेतील त्यांची कारकीर्द कशी घडली आणि तशी कारकीर्द घडण्याच्या वाटा आता का बुजत आहेत, त्याविषयी...

कोण आहेत कोलम मीनी?

मीनी यांचा जन्म १९५३ मध्ये डब्लिनमध्ये झाला. आयर्लंडचे राष्ट्रीय नाट्यगृह मानल्या जाणाऱ्या अ‍ॅबी थिएटरच्या नाट्यशाळेत ते शिकले. रंगभूमीवर काम करत ते आधी इंग्लंडला आणि मग अमेरिकेत पोहोचले. नायकाचा चेहरामोहरा आणि नायकाची देहयष्टी हॉलीवूड ज्याला म्हणते, त्यातले त्यांच्याकडे काही नव्हते. मध्यम उंची, भरलेले अंग, लालसर गाल, खणखणीत डब्लिनी उच्चार. असा माणूस नाक्यावरच्या दुकानात, गॅरेजमध्ये किंवा फुटबॉलच्या मैदानाबाहेर सहज भेटेल. चरित्र अभिनेत्याचे भांडवल हेच असते. प्रेक्षकाला चेहरा ओळखीचा वाटतो, नाव मात्र आठवत नाही.

१९९० ते १९९२ या तीन वर्षांतील त्यांच्या अमेरिकी चित्रपटांची यादी पाहिली, तरी कामाचा आवाका लक्षात येतो. ‘डाय हार्ड २’मध्ये दहशतवाद्यांनी फसवलेल्या विमानाचा वैमानिक, ‘अंडर सीज’मध्ये युद्धनौका ताब्यात घेणाऱ्या टोळीतील एक, शिवाय ‘डिक ट्रेसी’, ‘फार अँड अवे’, ‘द लास्ट ऑफ द मोहिकन्स’. कुठे पाच मिनिटे, कुठे पंधरा. पुढे १९९७ च्या ‘कॉन एअर’मध्ये त्यांनी तापट सरकारी अधिकारी साकारला. त्याची लाडकी स्पोर्ट्स कार विमानाला लटकून आकाशात जाते, ते दृश्य अनेकांना आठवते. त्या गाडीच्या मालकाचे नाव फार थोड्यांना आठवते.

चीफ ओब्रायन हे पात्र कसे घडले?

‘स्टार ट्रेक’मध्ये ‘ट्रान्सपोर्टर’ नावाचे यंत्र आहे. ते माणसाला यानातून अदृश्य करते आणि थेट ग्रहावर प्रकट करते. १९६६ च्या मूळ मालिकेत ही कल्पना आली ती खर्च वाचवण्यासाठी. प्रत्येक भागात यान उतरवण्याचे दृश्य चित्रित करणे परवडणारे नव्हते. मात्र यंत्र आले की ते चालवणारा माणूस आला. ‘नेक्स्ट जनरेशन’च्या दुसऱ्या मोसमापासून या यंत्रामागे मीनी उभे राहू लागले. दर आठवड्याला कोणी तरी यानातून बाहेर जाणार आणि कोणी तरी परत येणार. त्यामुळे दर आठवड्याला त्यांचा चेहरा दिसू लागला.

पुढचे सगळे हळूहळू घडत गेले. त्याच मोसमात पात्राला ओब्रायन हे आडनाव मिळाले. चौथ्या मोसमात माइल्स हे नाव कळले. १९९१ मध्ये त्याचे केको या वनस्पतिशास्त्रज्ञ तरुणीशी लग्न झाले आणि त्याच वर्षी मुलगीही झाली. ‘द वूंडेड’ या भागात जुन्या युद्धाच्या आठवणींनी अस्वस्थ झालेला सैनिक म्हणून तो पहिल्यांदा कथेच्या मध्यभागी आला. जानेवारी १९९३ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ सुरू झाली, तेव्हा ओब्रायन तिथे मुख्य पात्रांपैकी एक होता. ही मालिका १९९९ पर्यंत सात मोसम चालली.

हे सगळे आधी आखलेले नव्हते. छोटे काम दिले, ते नीट झाले, म्हणून थोडे मोठे दिले, असा हा क्रम आहे. कारखान्यात हेल्पर म्हणून लागलेला माणूस एक दिवस वर्कशॉपचा मुख्य व्हावा, तसा.

या पात्राचे वेगळेपण कशात?

‘स्टार ट्रेक’मधील बहुतेक मुख्य पात्रे अकादमीतून आलेली अधिकारी मंडळी आहेत. ओब्रायन मात्र अधिकारी नाही. तो हाताने काम करणारा ‘चीफ’ आहे. त्याच्या वाट्याला आलेले अंतराळस्थानक परक्या संस्कृतीने बांधलेले, सोडून जाताना लुटलेले. त्याची यंत्रणा नव्या मालकांच्या यंत्रणेशी जुळत नाही. रोज काही तरी बंद पडते आणि रोज ओब्रायन एखाद्या पॅनेलमागे डोके खुपसून जुगाड करतो. देखभालीचे काम केलेल्या कोणालाही ही परिस्थिती ओळखीची वाटेल. यंत्र चालू असते तेव्हा त्या माणसाकडे कोणी पाहत नाही आणि बंद पडले की सगळे त्यालाच शोधतात.

लेखकांनी या साधेपणाचा उपयोग ओळखला. दर मोसमात निदान एका भागात ओब्रायनवर जबर संकट आणायचे, असा जणू शिरस्ताच पडला. १९९६ च्या ‘हार्ड टाइम’ या भागात त्याच्या मेंदूत काही तासांत वीस वर्षांच्या तुरुंगवासाच्या आठवणी कोंबल्या जातात. तो घरी परततो तेव्हा बायको-मुलगी तीच आहेत, पण तो जेवताना अन्न लपवून ठेवतो आणि जमिनीवर झोपतो. मीनी यांनी इथे मोठमोठ्याने आक्रोश केलेला नाही. अवजार ओळखण्याचा प्रयत्न करणारे हात आणि चुकवलेली नजर, एवढ्यावर त्यांनी हा भाग पेलला. माणूस साधा आहे म्हणूनच त्याचे कोसळणे प्रेक्षकाला लागते.

आयरिश असणे अडचणीचे ठरले का?

हॉलीवूडमध्ये आयरिश अभिनेत्यांची परंपरा जुनी आहे. मीनींप्रमाणेच डब्लिनमध्ये जन्मलेले आणि अ‍ॅबीतून आलेले बॅरी फिट्झगेराल्ड यांना ‘गोइंग माय वे’ या १९४४ च्या चित्रपटातील धर्मगुरूच्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. एकाच भूमिकेसाठी त्यांना प्रमुख आणि सहायक अशी दोन्ही नामांकने मिळाली होती. त्यानंतर अकादमीने नियमच बदलला. पण त्या पिढीला मिळणाऱ्या भूमिका बहुधा ठरलेल्या साच्यातील होत्या. प्रेमळ धर्मगुरू, मिश्कील म्हातारा, गप्पिष्ट दारूडा.

मीनी यांच्यासमोरही हा साचा आला. ‘डीप स्पेस नाइन’च्या पहिल्या मोसमातील एका भागात, कल्पनेतली पात्रे प्रत्यक्षात येतात तेव्हा ओब्रायनसमोर लेप्रकॉन, म्हणजे आयरिश लोककथांतील हिरव्या कपड्यांचा बुटका, येणार असे लिहिले होते. मीनी यांनी त्याला आक्षेप घेतला आणि त्या जागी जर्मन परीकथेतील पात्र आले. गोष्ट लहान आहे, पण तिचा परिणाम मोठा आहे. सात मोसम अमेरिकी टीव्हीवर एक आयरिश माणूस दिसत राहिला आणि त्याचे आयरिश असणे हा विनोद ठरला नाही. तो आपल्याच उच्चारात बोलला आणि इंजिनीअर म्हणूनच ओळखला गेला.

मायदेशाशी नातेही तुटले नाही. लेखक रॉडी डॉयल यांच्या डब्लिनमधील कामगार वस्तीवरील तीन कादंबऱ्यांवर ‘द कमिटमेंट्स’ (१९९१), ‘द स्नॅपर’ (१९९३) आणि ‘द व्हॅन’ (१९९६) हे चित्रपट आले. तिन्हींत मीनी आहेत. ‘द स्नॅपर’मध्ये लग्नाआधी गरोदर राहिलेल्या मुलीचा गोंधळलेला, चिडणारा आणि शेवटी तिच्या पाठीशी उभा राहणारा बाप त्यांनी साकारला. त्यासाठी त्यांना गोल्डन ग्लोबचे नामांकन मिळाले. पुढे ‘हेल ऑन व्हील्स’ (२०११ ते २०१६) या मालिकेत ते रेल्वेसम्राट थॉमस ड्युरंट झाले. अमेरिका जोडणारा तो लोहमार्ग घालताना ड्युरंट यांच्या युनियन पॅसिफिक कंपनीसाठी हजारो आयरिश मजूर राबले होते. दीडशे वर्षांनी पडद्यावर मालकाच्या खुर्चीत डब्लिनचा माणूस बसला.

मग आता अडचण काय?

आयरिश अभिनेत्यांसाठी सध्याचा काळ उत्तम आहे, असे वरवर दिसते. किलियन मर्फी यांना २०२४ मध्ये प्रमुख अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. त्याआधीच्या वर्षी ‘द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन’मधील चौघांना अभिनयाची नामांकने मिळाली होती. म्हणजे शिखरावर जागा आहे. प्रश्न शिडीच्या मधल्या पायऱ्यांचा आहे.

‘नेक्स्ट जनरेशन’च्या एका मोसमात साधारण २६ भाग असत. एवढ्या भागांत मागे उभ्या असलेल्या माणसाकडे लेखकाचे लक्ष जायला वेळ होता. आजच्या ‘स्टार ट्रेक : स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’चा मोसम दहा भागांचा आहे. तिचा दुसरा मोसम २०२३ मध्ये आला आणि तिसरा थेट २०२५ मध्ये. दहा भागांत मुख्य पात्रांचीच कथा कशीबशी मावते. यंत्रामागच्या माणसाला आडनाव द्यायला कोणाकडे सवड आहे?

हा केवळ कलेचा प्रश्न नाही, पोटाचाही आहे. २०२३ मध्ये हॉलीवूडचे अभिनेते ११८ दिवस संपावर गेले. पुनःप्रक्षेपणापोटी मिळणारा मोबदला स्ट्रीमिंगमुळे आटला, ही त्यांची मोठी तक्रार होती. संघटनेचा आरोग्यविमा मिळण्यासाठी २०२३ मध्ये वर्षाला सुमारे २६ हजार डॉलरची कमाई लागत होती. ताऱ्यांसाठी ही रक्कम किरकोळ असली, तरी वर्षातून दोन-तीन छोट्या भूमिका करणाऱ्यासाठी हाच जगण्याचा उंबरठा आहे. त्याच वर्षी लेखकही संपावर होते. लेखकांचा गट लहान करणे आणि चित्रीकरणाआधीच त्यांना मोकळे करणे, याला त्यांचा विरोध होता. छोट्या भूमिकेतील नटाचे बलस्थान लेखकाला कळते ते चित्रीकरण पाहताना. तो तिथे नसेल, तर ओब्रायन घडणार कसा?

जुनी पद्धत आदर्श होती, असे नाही. २६ भागांच्या मोसमात भरताडही भरपूर असे आणि कामाचे तास माणसाला पिळून काढणारे असत. कमी भागांमुळे कथा बांधेसूद झाल्या, हेही खरे. पण बांधेसूदपणाच्या नावाखाली जे कापले गेले, त्यात चरित्र अभिनेत्याची उमेदवारी गेली. स्ट्रीमिंग कंपन्यांनी सगळेच मोसम २६ भागांचे करावेत, अशी अपेक्षा नाही. मात्र छोट्या भूमिकेतील अभिनेत्याला पुढच्या मोसमातही बोलावणे, लेखकांना चित्रीकरणस्थळी ठेवणे आणि प्रेक्षकसंख्येनुसार मोबदला देणे, या तीन गोष्टी अशक्य नाहीत. त्यातल्या काही मुद्द्यांवर संपानंतरच्या करारांत पावले पडली आहेत. ती पुरेशी नाहीत.

‘स्टार ट्रेक : लोअर डेक्स’ या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या २०२० मधील एका भागात शेवटी दूरच्या भविष्यातील शाळेचे दृश्य आहे. तिथे मुलांना अंतराळदलाच्या इतिहासातील बहुधा सर्वांत महत्त्वाच्या व्यक्तीची ओळख करून दिली जाते. पुतळा कप्तानाचा नसतो. तो चीफ माइल्स ओब्रायनचा असतो. लेखकांनी केलेला हा विनोद आहे आणि चाहत्यांना तो लगेच कळला. ज्या पात्राला पहिल्या दिवशी नावही नव्हते, त्याचा पुतळा उभा राहिला, कारण मधल्या १२ वर्षांत कोणी तरी त्याला दर आठवड्याला पुन्हा बोलावत राहिले.