मेसच्या वहीतले खाडे नुसते वजा करू नका

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतले घरमालक, मेसवाले, अभ्यासिकाचालक आणि गावाकडून दर महिन्याला पैसे पाठवणारे आईवडील, हे आवाहन तुम्हाला आहे. स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींना सल्ल्यांची कमतरता नाही, म्हणून त्यांच्याशी शेवटी थोडंच बोलणार आहे.

नेहमीच्या मुलाचे वहीत सलग खाडे पडले की मेसवाले महिनाअखेरीस तेवढे पैसे वजा करतात. व्यवहार चोख झाला. पण तो गावी गेलाय की कॉटवर भिंतीकडे तोंड करून पडलाय, हे कुणी पाहिलं? न सांगता दोन दिवस खाडा पडला, तर तिसऱ्या दिवशी खोलीवर माणूस पाठवा. अभ्यासिकेतलं टेबल पुस्तकांसकट तसंच पडून असेल, तर चालकाने फोन करावा.

ताण म्हणजे मनाचे चोचले, असं समजणारे आपल्यात पुष्कळ आहेत. हान्स सेल्ये या संशोधकाने १९३६ साली उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की त्रास कोणताही असो, शरीर ठरावीक क्रमाने झुंजतं: आधी खडबडून जागं होतं, मग तग धरतं आणि त्रास संपलाच नाही तर कोसळतं. राज्यसेवेच्या चौथ्या प्रयत्नातला मुलगा बहुधा मधल्या टप्प्यात असतो. वेळेवर अभ्यासिकेत येतो, चहाला हसतो. आत मात्र झोप उडालेली, पित्त उसळलेलं, डोकं ठणकतंय. मुलींची पाळी पुढेमागे होते. अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या टाळूवर एकदा सुट्टीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर अगदी बारीक जखम केली होती. परीक्षेच्या काळातली जखम भरायला सुमारे ४० टक्के जास्त वेळ लागला. आणि ती तर एका सत्रातली परीक्षा होती. आपल्याकडे पूर्व, मुख्य, मुलाखत यांत वर्षं जातात.

रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ साली ताणाचा उलगडा वेगळ्या अंगाने केला. संकट आलं की माणूस नकळत दोन हिशेब मांडतो. हे माझ्यासाठी किती धोक्याचं आहे? आणि तोंड द्यायला माझ्या हाताशी काय आहे, कोण आहे?

पहिला हिशेब पेठेच्या हातात नाही. १४ मार्च २०२१ची राज्यसेवेची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलली गेली तेव्हा नवी पेठेत मुलं रस्त्यावर उतरली. परीक्षा २१ तारखेला झाली. २५ ऑगस्ट २०२४ची परीक्षाही पुढे गेली, ती मात्र आंदोलनानंतर. तारीख सरकली की भाडं, मेस आणि वय, सगळंच सरकतं. २०२१च्या जूनअखेरीस मुख्य परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहणाऱ्या पुण्याच्या एका तरुणाने आयुष्य संपवलं. अशा मृत्यूमागे एकच कारण कधी नसतं, पण त्या बातमीने पेठेतली कितीतरी मुलं हादरली होती.

दुसरा हिशेब मात्र आपण बदलू शकतो. निकालाच्या आठवड्यात भाड्याचा तगादा लावू नका. आईवडिलांनो, ‘पोस्ट कधी निघणार?’ हा प्रश्न रोजच्या फोनमधून काढून टाका. आज काय जेवलास, झोप लागते का, हे विचारा. ‘एवढं काय त्यात’ तर नकोच. मूल निरवानिरवीची भाषा करू लागलं, आवडत्या वस्तू वाटू लागलं, तर ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका. ससूनला किंवा जवळच्या रुग्णालयात घेऊन जा, नाहीतर ११२ला फोन करा.

पाट्या लावण्यात पुण्याचा हात कुणी धरणार नाही. ‘येथे सायकल लावू नये’च्या शेजारी आणखी एक लावा: ‘टेलिमानस १४४१६’. केंद्र सरकारची ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२पासून चोवीस तास सुरू आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आणि मुलामुलींनो, व्यासपीठावरून ‘जिद्द कमी पडली’ म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नका. अभ्यासाचं वेळापत्रक, किती प्रयत्न द्यायचे, दुसरी वाट कोणती, हे हातातलं आहे. ते कागदावर मांडा. निकालाची तारीख आणि भरतीचा कोर्टातला खटला हातात नाही. त्यासाठी रात्री दोनपर्यंत टेलिग्राम चाळू नका. झोपा, तळजाईला चालून या, मित्राशी बोला. दोन आठवडे झोप आणि भूक गेलेली असेल तर डॉक्टरांना दाखवा. त्याने एकही मार्क कमी होत नाही.

गणेश मंडळांकडे जागा आहे, वीज आहे, कार्यकर्ते आहेत. आठवड्यातली एक संध्याकाळ या मुलांना द्या. आणि शहरातल्या समुपदेशकांनी, मानसोपचारतज्ज्ञांनी त्या संध्याकाळी पाळीपाळीने पेठेत येऊन बसावं. खुर्च्या आणि चहा मंडळाकडून.