आजारपणाची शिक्षा बडतर्फी?

कारखान्यातील यंत्र नादुरुस्त झाले तर मालक त्याच्या दुरुस्तीची व्यवस्था करतो. दुरुस्तीचा खर्च उत्पादनखर्चात धरला जातो, झिजेपोटी दरसाल घसारा काढला जातो आणि प्राप्तिकराचा कायदाही त्या घसाऱ्याची वजावट देतो. त्याच यंत्रावर वीस वर्षे उभा राहिलेला माणूस क्षयाने, कर्करोगाने किंवा मणक्याच्या विकाराने अंथरुणाला खिळला, तर त्याच्या घरी मात्र पाकीट येते: ‘आपण अमुक तारखेपासून विनापरवानगी गैरहजर आहात. आठ दिवसांत हजर न झाल्यास आपणांस नोकरीत स्वारस्य नाही असे समजून आपले नाव हजेरीपटावरून कमी करण्यात येईल.’ यंत्राच्या झिजेची तरतूद ताळेबंदात असते, माणसाच्या झिजेची नसते. दीर्घ आजारात नोकरी जाण्याच्या प्रश्नाकडे म्हणूनच मालकाच्या सौजन्याचा प्रश्न म्हणून पाहून चालणार नाही. उत्पादनाचा एक खरा खर्च कोणी सोसावयाचा, हा त्यातील मूळ मुद्दा आहे.

हा विचार या देशाला नवा नाही. प्रा. बी. पी. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याविषयीचा आपला अहवाल १९४४ साली सादर केला. त्या पायावर १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा उभा राहिला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना प्रत्यक्षात आली. दरम्यान राज्यघटनेच्या ४१ व्या अनुच्छेदाने बेकारी, वार्धक्य, आजार व अपंगत्व यांत सार्वजनिक साहाय्य मिळण्याचा हक्क मार्गदर्शक तत्त्व म्हणून मान्य केला होता. विमा योजनेत आजारी कामगाराला वर्षातून ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के रक्कम मिळत आली. क्षय, कर्करोग यांसारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत ८० टक्के दराने हा लाभ दोन वर्षांपर्यंत वाढविता येतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे १९४८ च्या कायद्याच्या ७३ व्या कलमाने असे बजावले होते की, कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना किंवा वैद्यकीय उपचाराखाली असताना मालकाने त्याला बडतर्फ करू नये, कमी करू नये, शिक्षा करू नये. त्या काळात दिलेली नोटीसही अवैध ठरविण्यात आली होती.

तत्त्व निर्विवाद होते. पण त्याला तीन खिंडारे पडली, आणि कामगार चळवळीने ती नीट समजून घेतली पाहिजेत.

पहिले खिंडार स्थायी आदेशांचे. इतके दिवस विनारजा गैरहजर राहिल्यास कामगाराने नोकरी आपणहून सोडली असे मानावे, असे कलम बहुतेक कारखान्यांच्या स्थायी आदेशांत असे. मद्रासच्या बकिंगहॅम अँड कर्नाटक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली निर्णय दिला की, अशा कलमामुळे नोकरी आपोआप संपत असेल तर ती मालकाची कृती नव्हे, आणि म्हणून ७३ वे कलम तिथे लागू होत नाही. कामगाराजवळ आजाराचा दाखला असूनही हे घडले. मालकाने काढले तर गुन्हा, पण नोकरी ‘आपोआप’ गेली तर कोणीच जबाबदार नाही! ज्या आदेशाने ती आपोआप जाते, तो आदेश मालकाच्याच कचेरीत लिहिलेला असतो, याचा विचार या तर्कात नव्हता.

दुसरे खिंडार मुदतीचे. १९५० च्या विनियमांनी मालकाला अशी मुभा दिली होती की, सर्वसाधारण आजारात सहा महिने आणि क्षय, कर्करोग, मनोविकार अशा आजारांत अठरा महिने सतत उपचार चालले, तर त्यानंतर रीतसर नोटीस देऊन कामगाराला कमी करता येईल. म्हणजे विम्याचा पैसा दोन वर्षांपर्यंत मिळण्याची सोय, आणि नोकरीचे संरक्षण मात्र त्याआधीच संपलेले. पूर्ण बरे होण्याच्या उंबरठ्यावर आलेल्या माणसाला परतण्यासाठी जागाच उरू नये, अशी ही रचना होती. ज्याची नोकरी टिकावी म्हणून विमा उतरवला, त्याच्या बेकारीची तारीखही त्याच योजनेने ठरवून दिली.

तिसरे खिंडार व्याख्येचे. १९५३ च्या दुरुस्तीने औद्योगिक विवाद कायद्यात कामगार-कपातीची व्याख्या आली आणि कपातीबद्दल दर वर्षाच्या नोकरीमागे पंधरा दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई मिळू लागली. पण ‘सततच्या अनारोग्यामुळे’ झालेली सेवासमाप्ती या व्याख्येतून वगळण्यात आली. मागणी घटली म्हणून काढलेल्या धडधाकट माणसाला भरपाई, आणि आजारी म्हणून काढलेल्याला तीही नाही! राजस्थान राज्य मार्ग परिवहन महामंडळाच्या बसचालकांच्या नजरेत दोष आढळल्याने त्यांना काढण्यात आले, तेव्हा हा अन्याय उघडा पडला. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सेवासमाप्ती कपात नव्हे असेच ठरविले. मात्र सामाजिक न्यायाचा आधार घेऊन, अशा चालकांना झेपेल असे दुसरे काम द्यावे आणि ते नसेल तर जादा भरपाई द्यावी, असा मार्गही घालून दिला. डोळे रस्त्यावरच्या नोकरीत खर्ची पडले असतील तर त्यांची किंमत महामंडळाने मोजली पाहिजे, हे साधे सत्य त्यामागे होते.

न्यायालयांचे सर्वच निर्णय कामगाराच्या विरोधात गेले असे म्हणता येणार नाही. पटावरून नाव कमी करणे ही कपातच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिल्ली क्लॉथ मिलच्या प्रकरणात म्हटले. १९९३ साली डी. के. यादव खटल्यात, आठ दिवसांच्या गैरहजेरीमुळे नोकरी आपोआप संपल्याचे सांगणाऱ्या मालकाला न्यायालयाने अडवले. चौकशी न करता, बाजू ऐकून न घेता उपजीविका काढून घेणे हे घटनेच्या १४ व २१ व्या अनुच्छेदांशी विसंगत आहे, असा तो निवाडा होता. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एच.आय.व्ही.बाधित असला तरी काम करण्यास समर्थ असलेल्या नैमित्तिक कामगाराला केवळ त्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही, असे सांगितले. आजार आणि असमर्थता या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या निर्णयाचा गाभा होय. पण खटला जिंकेपर्यंत जी वर्षे जातात, ती आजारी माणसाजवळ बहुधा नसतात.

मालकवर्गाचे दोन युक्तिवाद नेहमी पुढे येतात. एक असा की, दीर्घ गैरहजेरीने उत्पादन अडते. मुंबईच्या कापड गिरण्यांनी या युक्तिवादाचे उत्तर स्वतःच्याच व्यवहाराने दिले होते. कायम कामगार आला नाही तर बदली कामगार साच्यावर उभा राही. बदलीवाल्यांची भली मोठी फौज गिरण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दारात तिष्ठत ठेवली होती. नफ्यासाठी जी व्यवस्था चालत होती, ती आजारी माणसाची जागा राखण्यासाठी का चालू नये? शिवाय विमा योजनेतील कामगाराच्या आजारपणाचा पैसा मालकाच्या तिजोरीतून नव्हे, विमा महामंडळाकडून येतो आणि त्यात कामगाराची वर्गणीही असते. जागा राखून ठेवण्याचा बोजा म्हणूनच सांगितला जातो तितका मोठा नाही.

दुसरा युक्तिवाद खोट्या दाखल्यांचा. खोटे दाखले असतात, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्यावर उपाय वैद्यकीय मंडळाची तपासणी हा आहे. चार जण खोटे बोलतात म्हणून चाळीस खऱ्या रोग्यांची भाकरी काढून घेणे याला शिस्त म्हणत नाहीत. आणि कापसाच्या तंतूंनी फुप्फुसे भरलेला गिरणी कामगार किंवा दगडाच्या भुकटीने सिलिकोसिस झालेला खाणकामगार यांचा आजार तर कामानेच दिलेला असतो. त्याला घरी पाठविणे म्हणजे कारखान्याचा खर्च त्याच्या बायकोच्या मंगळसूत्रावर आणि मुलांच्या शाळेवर टाकणे होय.

आज हा प्रश्न अधिक बिकट झाला आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या. स्थायी आदेशांची सक्ती पूर्वी शंभर कामगारांच्या आस्थापनांना होती, ती आता तीनशेंवर गेली. ठरावीक मुदतीची नेमणूक राजमान्य झाली आणि मुदत संपल्यामुळे होणारी सेवासमाप्ती कपातीत मोजली जात नाही. अशा कामगाराला आजारपणात बडतर्फ करण्याची गरजच उरत नाही. मुदत संपू द्यायची आणि पुन्हा बोलवायचे नाही, एवढे पुरते. कंत्राटी सफाई कामगाराच्या बाबतीत तर मुकादमाने ‘उद्यापासून येऊ नकोस’ म्हटले की संपले. आजारपणाचा उल्लेख कोणत्याही कागदावर येत नाही आणि म्हणून तो कोणत्याही न्यायालयात सिद्ध होत नाही.

तेव्हा चळवळीच्या मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८२ च्या १५८ व्या कराराने आजारामुळे होणारी तात्पुरती गैरहजेरी हे सेवासमाप्तीचे वैध कारण नव्हे असे म्हटले आहे. भारताने त्याला मान्यता द्यावी. विम्याचा लाभ जितका काळ मिळू शकतो, किमान तितका काळ नोकरी सुरक्षित असावी. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढू नये, त्याच वेतनावर दुसरे काम द्यावे किंवा अधिसंख्य पद निर्माण करावे, असा दंडक २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आस्थापनांना घातला आहे. तो खाजगी उद्योगांनाही लागू व्हावा. आजारपणामुळे मुदतीची नेमणूक पुढे चालू न ठेवणे ही बडतर्फीच मानली जावी.

कायदा बदलेपर्यंत मात्र स्वस्थ बसता येणार नाही. कार्यकर्त्यांना करण्यासारखे पुष्कळ आहे. आजारी कामगाराचा प्रत्येक दाखला टपालाने पोचपावतीसह कचेरीत गेला पाहिजे आणि त्याची प्रत युनियनच्या फायलीत राहिली पाहिजे. गैरहजेरीच्या नोटिशीला मुदतीच्या आत लेखी उत्तर गेले पाहिजे, कारण पुढे न्यायालयात बहुतेक वेळा त्याच एका कागदावर निकाल लागतो. तापाने फणफणलेला माणूस हे एकट्याने करू शकत नाही, आणि त्याच्या घरच्यांना यातले पुष्कळदा ठाऊक नसते. बोनसच्या वेळी जी युनियन गेटवर दिसते, ती इस्पितळाच्या वॉर्डातही दिसली पाहिजे. धडधाकट सभासदांची वर्गणी तिला कोणीही मिळवून देईल. पण खाटेवर पडलेल्या सभासदाचे नाव पटावर राखता आले, तरच तो बरा होऊन परत आल्यावर त्याच्या जागेवर उभा राहील, आणि शेजारच्या साच्यावरचा कामगारही स्वतःच्या आजारपणाला कमी भिईल.