आधी कोण, मागून कोण?

मराठीच्या प्राध्यापकाने गणिताच्या वाटेस जाऊ नये, हे मला मान्य आहे. पण परवा अकरावीतील एका मुलीने विचारले, "सर, (२, ३) आणि (३, २) यांत फरक कसला? आकडे तर तेच!" तेव्हा राहवले नाही. क्रमित जोडी हा प्रकार आम्हां हिंगोलीकरांना तरी परका नसावा.

नरसी हे नामदेवांचे जन्मगाव मानतात. औंढा नागनाथला त्यांना विसोबा खेचर गुरू म्हणून लाभले, असे परंपरा सांगते. 'गुरू आधी, शिष्य मागून' हा नियम धरला, तर (विसोबा, नामदेव) ही जोडी बरोबर. (नामदेव, चोखोबा) हीही बरोबर. (नामदेव, विसोबा) मात्र चूक. माणसे तीच, पण नाते मोडले. गणितात 'संबंध' म्हणतात, तो अशा जोड्यांचाच संच. काही संबंध उलटे केले तरी चालतात: मी तुमचा शेजारी, तर तुम्हीही माझे शेजारी. गुरुशिष्यांचे तसे नाही. सावकार आणि कर्जदार यांचेही नाही, हे आमच्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही.

आता कागदावर एक आडवी व एक उभी रेघ काढा. त्या छेदतात तो आरंभबिंदू. पहिला आकडा आडवा चालायचा, दुसरा उभा. दुसरा आकडा पहिल्याच्या दुप्पट, असा संबंध घेतला, तर (१, २), (२, ४), (३, ६) हे ठिपके मुकाट्याने एका सरळ रेषेत येऊन बसतात.

घोटाळा पुढेच आहे. जागेचा पत्ता सांगताना अक्षांश आधी, म्हणजे उभा आकडा आधी, रेखांश मागून. हिंगोली सुमारे १९.७ उत्तर, ७७.१ पूर्व. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या विहिरीच्या अर्जात कोणीतरी हे आकडे उलटे भरले. ७७ उत्तर, १९ पूर्व म्हणजे नॉर्वेच्याही वर, स्पिट्सबर्गेन बेटाजवळचा बर्फाळ समुद्र! अर्ज परत आला. तो दुरुस्त होईतो बिचाऱ्याचा सारा उन्हाळा हेलपाट्यांत आणि टँकरच्या पाण्यावर गेला.

औंढ्याजवळ दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला मंजुरी दिली. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर, जणू आपल्या त्या दोन रेघाच. अशीच दोन केंद्रे अमेरिकेत आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर आली, ती आधी लिव्हिंग्स्टनला आणि सुमारे ७ सहस्रांश सेकंदांनी हॅनफर्डला. क्रम उलटा असता, तर शास्त्रज्ञांनी आकाशाची दुसरीच बाजू धुंडाळली असती. पण दोनच केंद्रांच्या वेळांवरून आकाशात नुसते एक कडे हाती लागते. त्यावरची नेमकी जागा सांगायला दूरदूरची आणखी केंद्रे लागतात. इटली आणि जपानमध्ये ती झाली आहेत. पुढचे दुधाळ्याचे.